कणकेच्या गाठी

"तू डॉक्टर हायेस का बे? दहावी सोडून पळालेला पोट्टा, अन माह्या मोऱ्याले बीमार लिहितोस? काढ ते कुलूप. काढ म्हणतो ना!"

रघुनाथराव काका कोंडवाड्याच्या फाटकाले लाथा हाणून राहिले होते. फाटक लोखंडाचं, पंचायतीचं, अन काकाच्या पायात पोळ्याची नवी चप्पल. तिसऱ्या लाथेले चप्पलचा अंगठा तुटला. मागे उभे असलेले पोट्टे हासले. मी नाई हासलो. मले इतका राग आला होता का हासायले तोंडात जागाच नव्हती.

"पळालो नाई," मी म्हटलं. "सोडली. सरासंग भांडून सोडली."

"एकच हाये ते!"

"मंग तुमी कोण? सरपंच त विजया काकू हाये. तुमी सरपंचाचे नवरे."

हे बोलाचं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून.

पोळ्याचा दिवस, सकाळचे दहा. कोंडवाड्यात मोऱ्या उभा, काकाच्या मानाच्या जोडीतला उजवा बैल. आमच्या गावात तोरणाखाली सगळ्यात पुढं हीच जोडी राहते, काकाच्या बापाच्या टायमापासून. दुपारी चारले तोरण तोडून पोळा फुटणार, अन मोऱ्या कुलपात. कुलूप माहं, चेन माह्या सायकलची.

"अठ्ठावीस दिवस, काका," मी म्हटलं. "नियम हाये. तुमीच उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या या नियमाले."

आता हे कुलूप कसं लागलं ते आधी सांगतो, नाई त तुमाले वाटन मीच भांडखोर हाये.

आमचं गाव सौंसरकडे, रामाकोन्याहून चार किलोमीटर आत; सरकारी कागद हिंदीत, बोलणं मराठीत. घरी मी अन माय. बाप सुरतेले कंपनीत. माय, शकुंतला तिचं नाव, लोकायच्या वावरात कामाले जाते. अन एक गाय हाये, काबरी. मायनं वासरू होती तवापासून बाटलीनं दूध पाजून वाढवली. काबरी तवा गाभण होती, नववा महिना लागलेला. माय रोज तिच्या पोटाले हात लावून पाहे. माह्या तापाले तिनं कधी इतका हात लावला नाई.

त भोपाळची एक संस्था आली. तिले गावोगाव असे पोट्टे पाह्यजे होते का ढोरायची साथ आली तर डॉक्टर यायच्या आधी पोचतीन, बीमार ढोर वेगळं करतीन अन मोबाईलवर कळवतीन. पंचायतीनं माहं नाव देलं. शिकलेले पोट्टे नागपूरले, कामाचे पोट्टे कंपनीत, उरलो मी. काका म्हणाले, "दिवसभर भांडत फिरते, रोगासंग भांडन." वय अठरा पाह्यजे होतं. माहं सतरा. काकानंच फॉर्मवर अठरा लिहिलं, एका वर्षानं काय होते म्हणे.

सौंसरले एका लग्नाच्या लॉनमधी तीन दिवस ट्रेनिंग. आदल्या दिवशी तिथं कोणाचं तरी लग्न लागलं होतं, त स्टेजवर थर्माकोलची अक्षरं तशीच: अंकुर वेड्स पूनम. त्याच्याखाली अमिता मॅडम माइक घेऊन उभ्या, अन पडद्यावर लम्पी रोगाच्या गाठी आलेल्या गाईचे फोटो. तीन दिवस कोणाले वाटलं नाई का ती अक्षरं काढावी. जेवण मात्र लग्नासारखंच होतं, ते खोटं कायले सांगू.

मॅडम भोपाळच्या, हिंदी बोले. वाईट नव्हत्या. त्यायले सगळं येत होतं, फक्त ढोर येत नव्हतं. आमाले निळं जॅकेट भेटलं, शिट्टी भेटली, थर्मामीटर, पट्ट्या, रबराचे हातमोजे. लस ठेवाचा थंड डब्बाही दाखवला. उघडला त आत मॅडमच्या पाण्याच्या बाटल्या. ताप घ्याले थर्माकोलची एक गाय आणली होती. आमी चाळीस जणायनं लाइन लावून तिच्या शेपटीखाली थर्मामीटर लावला. तिले ताप काही आला नाई.

शिकवलं ते असं का बीमार ढोर वेगळं बांधा, अठ्ठावीस दिवस. ढोरायची गर्दी करू नोका. लपवू नोका, कळवा. मी हात वर केला.

"मॅडम, मालकच लपवून राहिला तर?"

मॅडमनं कागद पाह्यले. "वो सेशन अगले बैच में है, बेटा."

मंग परीक्षा. गर्दी केल्यानं रोग वाढते का कमी होते, असे प्रश्न. सगळे पास. नापास व्हायची सोयच नव्हती.

खरा घोळ झाला चौथ्या दिवशी. चौथ्या दिवशी आमच्या गावात प्रात्यक्षिक होतं. साथ आल्यावर काय करतात ते खोटं खोटं करून दाखवाचं, अन ते पाहाले एक मोठे साहेब येणार. तारीख निघाली पोळ्याच्या दोन दिवस आधीची. जागा ठरली आखर. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, तिथं गुणवंता काका रोज सकाळी गावचे ढोरं जमा करते अन चाराले नेते. गुणवंता काका गावचा गायकी. चाळीस वर्ष झाले, ढोरंच त्याचं गणगोत.

मॅडम त्याले म्हणाल्या का कमीत कमी साठ ढोरं पाह्यजे.

"साठ कायले?"

"भीड़ नहीं करनी है, ये दिखाना है ना, भैया."

गुणवंता काकानं डोक्याचा दुपट्टा काढला, परत बांधला. "म्हणजे गर्दी कराची नाई हे सांगाले मी गर्दी करू?"

"डेमो है।"

"हो का," गुणवंता काका म्हणे, अन साठ ढोरं घेऊन आला.

आखरावर रघुनाथराव काकानं चुन्याचे गोल काढून घेतले, पाच पाच हातावर एक. एका गोलात एक ढोर उभं राहणार. पहिली गाय गोलात उभी राहिली, तिनं चुना हुंगला, शेजारच्या गोलातल्या गाईकडे गेली अन तिची मान चाटाले लागली. मंग सगळेच. पंधरा मिनिटात साठच्या साठ ढोरं एका गोलात, अन बाकी गोलात आमी निळे जॅकेटवाले उभे. साहेबायच्या गाडीचा हॉर्न वाजला तवा मॅडम म्हणाल्या, "ठीक है, ठीक है, फोटो पास से लेंगे।"

आता एक बीमार ढोर पाह्यजे होतं. खोटं. मॅडमनं विचारलं कोणाची गाय द्याल. पोळ्याच्या तोंडावर आपल्या ढोराले बीमार कोण म्हणून घेईन? दोन-चार जण मागे सरकले. रघुनाथराव काकानं सगळ्यायकडे पाह्यलं अन मंग आमच्या आळीकडे पाह्यलं. मले समजलंच होतं. पंगतीत शेवटी बसाले आमची आळी, बीमार पडाले पहिले आमची आळी.

"शकुंतलेची काबरी आणा," काका म्हणाले. "पोट्टाच आपला ट्रेनिंगवाला हाये. घरचं काम."

माय म्हणे, "अवो भाऊ, नववा लागला हाये तिले. तिले त्रास नोको."

"अवं, खोटं हाये ना ते! अर्ध्या घंट्यात घरी नेजो."

गाठी कशाच्या लावाच्या? काकाच्या घरून कणीक आली. विजया काकूनंच मळून आणली. त्या सरपंच हाये, पण त्या दिवशीही त्यायच्या हातात परातच होती, हार अन माइक काकाकडे. मी काबरीच्या अंगावर कणकेच्या गाठी चिकटवल्या, बत्तीस. मॅडमच्या फोटोत बत्तीस होत्या. काबरी उभी राहिली बिचारी, माह्या हातचं होतं म्हणून. साहेब आले, हार झाला, भाषण सुरू झालं, अन तवाच आमच्या आळीतल्या वत्सलाबाईची बकरी सुटली अन काबरीच्या पोटावरच्या गाठी खाऊन गेली. साहेब लक्षणं पाहाले वळले त आठ लक्षणं बकरीच्या पोटात.

"ये गांठें कम कैसे हुईं?"

"सर, इलाज चालू है," मॅडम म्हणाल्या. पटकन बोलल्या, मानलं बाईले.

मी मात्र तवा दुसरीकडे पाहून राहिलो होतो. काकाची जोडी आखराच्या कडेले बांधली होती, साहेबायले दाखवाले. उजव्या बैलावर, म्हणजे मोऱ्यावर, झूल. पोळ्याची झूल, आरशे लावलेली, दोन दिवस आधी, अन ऊन असं का चप्पल चटके देत होती. मी जवळ गेलो. झूल गळ्याखाली थोडी सरकली होती. मानेवरचे केस रुपयाएवढ्या गोलात उभे राहिलेले, एक नाई, पाच-सहा. पुढचा उजवा पाय सुजलेला. तोंडातून लाळ. ते माह्या कणकेच्या गाठीपेक्षा चांगले जमले होते, कारण खरे होते.

मी शिट्टी वाजवली. ट्रेनिंगमधी तेच सांगतलं होतं, काही दिसलं का शिट्टी.

"मॅडम! इकडे पाहा. हा खरंच बीमार हाये."

मॅडम आल्या नाई. त्यायच्या हातात कागद होता, त्याच्यावर लिहिलं होतं कोणी कवा काय बोलाचं. माही शिट्टी त्याच्यात नव्हती. काका आले. त्यायनं झूल वर ओढली अन माह्या दंडाले असं धरलं का जॅकेटची शिवण उसवली.

"गोमाशी चावली हाये त्याले. समजलं? गोमाशी."

मंग शेवटचा भाग. मी काबरीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर मोबाईलवर टाकला, फोटो टाकला, "बीमार" दाबलं. काबरीले कोंडवाड्यात नेलं. कोंडवाड्याले नवा बोर्ड लागला होता, हिंदीत, पशु पृथक्करण केंद्र, म्हणजे बीमार ढोर वेगळं ठेवाची जागा. दोन चाव्या, एक मले देली, एक काकाले. फोटो निघाला. सगळे टाळ्या वाजवून राहिले होते, काका सगळ्यात जोरात. साहेब गेले, मॅडम गेल्या, मी काबरीले सोडाले गेलो.

"थांब," काका म्हणाले. "एंट्री झाली ना? अठ्ठावीस दिवस."

"काका, कणीक हाये ती!"

"मोबाईलले थोडंच मालूम हाये का कणीक हाये."

मॅडमले फोन लावला. त्या गाडीत होत्या. एंट्री खरीवाली झाली होती, खोटी करायचं बटणच नव्हतं. दोन दिवस ठेवा, मी वरती बोलते, म्हणाल्या. बाहेर काढली त गावाचं नाव खराब होईन, तुहंही सर्टिफिकेट अटकन.

सर्टिफिकेट गेलं खड्ड्यात. पण गाव! सकाळी कणीक मळताना पाहणारं गाव संध्याकाळपर्यंत काबरीले बीमार समजाले लागलं. बोर्ड लागला होता ना, साहेब आले होते ना, मोबाईलमधी आलं होतं ना. वत्सलाबाईनं त कोंडवाड्याच्या भिंतीवरून पाहून सांगतलं का कणीक निघाली पण गाठी हायेच. गुणवंता काका म्हणे, "मले मालूम हाये रे बापू, ती चांगली हाये. पण मी तिले आखरावर आणली त बाकीचे आपले ढोरं देणार नाई." वत्सलाबाईची बकरी मात्र गावभर फिरत होती. तिच्यावर कोणाचा संशय नाई.

मायनं घरी मले धुतलं.

"माही गाय चांगली होती. तुह्या ट्रेनिंगनं बीमार केली. तिथं व्याली तर? त्या उकिरड्यात? वासराले कोण पाहीन?"

मी जॅकेट फेकलं, मंग उचललं, काहून त थर्मामीटर त्याच्या खिशात होता. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ कोंडवाड्यात जाऊन काबरीचा ताप घेतला. एकशे एक पॉइंट पाच. गाईचा बरोबर तितकाच राहते.

आता पोळ्याची सकाळ. मी सहाले चारा घेऊन गेलो, फाटक उघडलं, अन आत दोन ढोरं.

काबरी एका कोपऱ्यात. अन दोन हातावर मोऱ्या, झूल काढलेली, मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत गाठीच गाठी, डोळ्यातून पाणी. एकाच टाक्यातून दोघं पाणी पिऊन राहिले होते. माशा याच्यावरून उठे अन तिच्यावर बसे.

मी तिथंच बसलो खाली. मंग डोकं चाललं. काल खांद शेकाचा, म्हणजे बैलायचे खांदे हळद-तुपानं चोळाचा दिवस होता. तवा रातीले लोकं घरोघरी बैलाले आवतन द्याले जाते, उद्या जेवाले ये म्हणते. काकाच्या कोठ्यात त अर्धं गाव जाते. तिथं मोऱ्या दिसला असता. अन त्याहून मोठं म्हणजे, काकाच्या कोठ्यात दुसरा बैल हाये, दोन म्हशी हाये, एक गोऱ्हा हाये. बीमार ढोर वेगळं बांधा. काकानं वेगळं बांधलं. आमच्या काबरीजवळ. अख्ख्या ट्रेनिंगमधी एकच माणूस मन लावून शिकला, अन तो फक्त टाळ्या वाजवाले आला होता. दुपारी गाठीवर पावडर फासून, झूल टाकून मोऱ्याले तोरणाखाली नेणार, अन संध्याकाळी परत इथं. बीमार गाईच्या कोंडवाड्यात कोण डोकावते?

पहिले मी काबरीले बाहेर काढलं. आमच्या घरामागे, कोणाचं ढोर जात नाई अशा जागी बांधली, अन मायची जुनी मच्छरदाणी फाडून वर टांगली. खोटं बोलत नाई, आता तिलेही वेगळंच ठेवा लागत होतं. रातभर ती त्याच्याजवळ होती. दोन दिवसापूर्वी ती खोटी बीमार होती, आता कोणालेच सांगता येत नव्हतं.

मंग कोंडवाड्याले माही चेन लावली, कुलूप लावलं, अन मोबाईल काढला. त्याच्यात एक बटण होतं, सुधार करें. बिल्ल्याचा नंबर चुकला असन तर तीन दिवसाच्या आत बदलता येते. मी मोऱ्याच्या कानातला नंबर पाहून ठेवला होता. काबरीचा काढला, मोऱ्याचा टाकला. बाकी काहीच बदलाची गरज नव्हती. लक्षणं, गाठी बत्तीस. जागा, कोंडवाडा. कणकेनं लिहिलेलं सगळं त्याले बरोबर बसलं.

पण शेवटी ओटीपी मागतला. अन तो जाते सरपंचाच्या नंबरवर.

सरपंचाचा नंबर म्हणजे काकाचा जुना बटणाचा फोन. काकानं नवा घेतला तवा जुना काकूले देला, तोच नंबर कागदावर राहिला. मी तो लावला. काकूनं उचलला. मागे पुरणाचा वास येते असं वाटलं, फोनवर वास येत नाई हे मले समजते.

"काकू, एक मेसेज आला असन. सहा आकडे हाये. सांगा ना."

"कायचे हाये बापू?"

मी खोटं बोलू शकलो असतो. राशनचे हाये म्हटलं असतं त त्यायनं सांगतले असते, काकाच्या सगळ्या कागदावर त्या तशाच सही करते. पण मले राग आला होता, अन रागात मले खोटं जमत नाई.

"तुमच्या मोऱ्याले बीमार लिहून राहिलो. हा नंबर देला त तो आज पोळ्यात जाणार नाई, अन डॉक्टर येईन. नाई देला त आमची काबरी कागदावर बीमार राहते, अन मोऱ्या तसाच मरन."

तिकडे परात खाली ठेवल्याचा आवाज आला. मंग त्या म्हणाल्या, "चार... दोन... थांब, चष्मा नाई." फोन डोळ्याजवळ नेला असन. "चार, दोन, शून्य, सात, सात, एक."

बस. दाबलं.

तर त्याच्यानंतर काका दहा वाजता पावडरचा डब्बा अन झूल घेऊन आले, अन माही चेन पाह्यली.

"खोल म्हणतो ना!" काका चौथ्यांदा म्हणाले. आता त्यायच्या एका पायात चप्पल होती. "कॅन्सल कर ते. तुह्या मोबाईलमधी तूच लिहिलं, तूच कॅन्सल कर."

"कॅन्सलचं बटण नाई, काका. परवा तुमीच सांगतलं, एंट्री झाली म्हणजे झाली."

"माह्या बैलाले गोमाशी चावली हाये!"

"मंग कोंडवाड्यात काहून आणला? माशी चावलेला बैल कोणी बीमार गाईजवळ बांधते का?"

मागून गुणवंता काका हळूच म्हणे, "हा, हे सांगा भाऊ." अन लोकायचं डोकं हललं. सगळे आपापल्या बैलाचा विचार करून राहिले होते, मोऱ्या रोज आखरावर त्यायच्याच ढोरायजवळ उभा राहे.

काकाचं तोंड लाल झालं. "ओटीपी कोणी देला? सरपंचाच्या ओटीपीबिगर हे होत नाई. चोरला ना बे? पोलिसात देतो तुले!"

"मी देला."

विजया काकू लोकायच्या मागून आल्या. हाताले पुरणपोळीची कणीक लागलेली, पदरानं पुसत. काकाले वाटलं ऐकाले चुकलं.

"काय?"

"मी देला नंबर. मोऱ्या चार दिवसापासून घास तोडून नाई राहिला. रोज मी कडूनिंबाच्या पाण्यानं धुतो त्याले, तुमी त्याच्यावर झूल टाकता." त्या काकाकडे पाहून नाई राहिल्या होत्या, फाटकाकडे पाहून राहिल्या होत्या. "उन्हात उभा करता त्याले, आरशे लावून."

"अवं, मान हाये आपला! बापाच्या टायमापासून..."

"सही माहीच लागते ना सगळ्या कागदाले?" काकू म्हणाल्या. "मंग हेही माहीच समजा. अठ्ठावीस दिवस."

काका उभे राहिले. काय बोलाचं हे त्यायच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. मंग त्यायनं तुटलेली चप्पल उचलली अन निघून गेले. झूल तिथंच पडली. काकूनं ती उचलली नाई.

तुमाले वाटन आता गाव सुधरलं असन. काही नाई. तीनले पोळा भरला. तोरण बांधलं, काकाच्या जागी दुसऱ्याची जोडी पुढं, अन शंभर बैल एकमेकाच्या खांद्याले खांदा लावून. चुन्याचे गोल अजून होते, कोणी पाह्यले नाई. मी जॅकेट घालून गेलो, दूर दूर उभं राहा म्हणून बोंबललो, कोणी ऐके ना, म्हणून शिट्टी वाजवली. लोकायले वाटलं पोळा फुटाचा इशारा झाला. तोरण तोडलं अन सगळे बैल एकदम धावले. म्हणजे आमच्या गावचा पोळा त्या वर्षी मी फोडला. अन दुसऱ्या दिवशी पोट्टे गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, पाहाले पांढुर्ण्याले गेले, माह्या किटमधल्या पट्ट्या घेऊन गेले. माणसाच्या डोक्याले ढोराची पट्टी चालते म्हणे. किटमधलं तेवढंच सामान गावाले कामी आलं.

सौंसरहून डॉक्टर तिसऱ्या दिवशी आले. आधी त्यायनं मोबाईलमधला फोटो पाह्यला.

"बैल नं हा?"

"हो सर."

"याले कास हाये. अन गाभण दिसून राहिला."

डॉक्टर मोऱ्याजवळ गेले, हात फिरवला, ताप घेतला, एकशे पाच. परत मोबाईल पाह्यला, परत मोऱ्याले पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. मंग दाबलं, पुष्टि. इंजेक्शनं देली. फोटो बदलू का म्हटलं, त म्हणाले राहू दे, कोणी पाह्यत नाई. त्यायनं आखर बंद केला, गुणवंता काका घरी बसला, अन दोन-तीन ढोरायले आता गाठी आल्या, त्यायच्या मालकायनं माह्याकडे येऊन हळूच सांगतलं. दारातून नाई, मागच्या बाजूनं. मोऱ्या खाऊन राहिला. पाय लंगडते अजून. काकू सकाळ-संध्याकाळ येते. काका बोलत नाई माह्यासंग, ते एक बरं झालं.

राहिली काबरी. आज बारावा दिवस. मी दिवसातून दोनदा थर्मामीटर लावतो अन मायच्या कॅलेंडरवर लिहितो. एकशे एक पॉइंट पाच. एकशे एक पॉइंट चार. परत पाच. अंगावर हात फिरवतो, केसाच्या उलट्या बाजूनं, मानेपासून शेपटीपर्यंत. काही लागत नाई. माय रोज विचारते, "लागलं का?" मी म्हणतो नाई, अन ती परत स्वतः फिरवून पाहते.

आज सकाळी आकडा शंभर पॉइंट दोन आला. दोनदा झटकून परत लावला, तेच. ताप वाढला त काय कराचं हे ट्रेनिंगमधी होतं. कमी झाला त काय, हे कोणी सांगतलंच नव्हतं, थर्माकोलच्या गाईचा कमी होत नाई. डॉक्टरले फोन लावला, बोंबललोच मी. ते हासले. "अरे, गाय व्याच्या आदल्या दिवशी उतरते असा. गाठी हाये का?"

"नाई."

"खाऊन राहिली का?"

"सकाळी खाल्लं. आता उठ-बस करून राहिली."

"मंग आज रातीपर्यंत व्याईन. स्वच्छ जागा कर, वासराले वेगळं ठेवशीन, मी उद्या येतो." अन मंग म्हणाले, "अठ्ठावीस दिवस झाले नाई अजून. वासराचाही ताप पाहत राहा."

म्हणजे वासरू यायच्या आधीच त्याचे दिवस मोजणं सुरू. मायले हे अजून सांगतलं नाई. ती मागे गोणपाट टाकून राहिली, मच्छरदाणीच्या आत बसून, काबरीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून. आता तिनं आवाज देला, "आशिष! पाय दिसले रे!" दुसऱ्यांदा देला. मी चाललो, मले जा लागते आता.